ठिपका कुठे आहे

१

दिवसभर लोकांना ठिपके दाखवायचे आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी असते हे सांगून कुणाला पटत नाही. पण असते. डोळ्यांच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं. आडव्या धरलेल्या मोठ्या वाडग्यासारखा त्याचा घुमट, आतून पांढराशुभ्र. पेशंटने त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, आणि घुमटात कुठेही बारीक उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. जिथला ठिपका दिसत नाही तिथली नजर गेली, इतका सरळ मामला. हे यंत्र चालवणाऱ्याला सगळा दवाखाना ‘ठिपकेवाला’ म्हणत असे. वय सेहेचाळीस, लग्न नाही, डब्यात रोज तेच ते, आणि कुणाशी भांडण नाही.

वीस वर्षांत त्याने माणसांचे दोनच प्रकार पाहिले होते. ठिपका असून बटण न दाबणारे, ते आजारी. ठिपका नसताना दाबणारे, ते घाबरलेले. परीक्षेची भीती माणसाला सत्तरीतही सोडत नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रकारची माणसंच जास्त येत. ठिपकेवाल्याला दोघांचीही कीव यायची.

घरी त्याचे वडील होते, आप्पा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त होताना शाळेने त्यांना एक लेझर पॉइंटर भेट दिला, नद्या आणि डोंगर दाखवायला. “नकाशा काढून घेतला आणि काठी हातात दिली,” असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत होते आणि ती काठी एका बोक्याच्या कामी आली होती. करडा, रुंद तोंडाचा हा बोका सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडे, संध्याकाळी पाचला परत येई, आणि मधल्या वेळात काय करतो ते कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून आप्पांनी त्याचं नाव कारकून ठेवलं.

पाचला खेळ सुरू होई. लाल ठिपका फरशीवरून पळे, कारकून त्याच्यामागे. ठिपका भिंतीवर चढे, कारकून भिंतीवर आपटे. पंजाखाली ठिपका आलाच असं वाटावं, की आप्पांचा अंगठा उचलला जाई आणि बोका रिकाम्या फरशीकडे बघत बसे. मग आप्पा हसत. पोटातून, खुर्ची हलेपर्यंत. “बघ, बघ, पुन्हा फसला!”

ठिपकेवाल्याला ते हसू बालपणापासून पाठ होतं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. आप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी फॉर्म भरू. एक स्थळ चांगलं आलं होतं; आप्पा म्हणाले, ताईचं बाळंतपण होऊ दे. आता दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाने त्याला तपासणी विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. आप्पा ताईकडे राहायला गेले तरच ते जमणार होतं. ताई तयार होती, आप्पाही नाही म्हणत नव्हते. नाही म्हणणारा बाप परवडला. आप्पा म्हणत, “जाईन की! उन्हाळा सरू दे.” उन्हाळा सरला. “कवळी बसू दे.” बसली. “या कारकुनाची काही सोय लागू दे.”

भिंतीखाली धापा टाकणाऱ्या बोक्याकडे बघताना ठिपकेवाल्याला त्याची लाज वाटायची, आणि लगेच स्वतःची.

२

महिना संपायला सोळा दिवस असताना कारकून भिंतीवर इतक्या जोरात आदळला की त्याच्या नाकातून रक्त आलं. आप्पा हसायचे थांबले नाहीत. ठिपकेवाल्याने पुढे होऊन त्यांच्या हातातून पॉइंटर काढून घेतला.

“अरे, अरे! खेळतोय तो.”

“तो खेळत नाहीये, आप्पा. खेळताय तुम्ही.”

“मग म्हाताऱ्याने करायचं काय? तुझं तोंड बघत बसू?”

त्याने पॉइंटरचे सेल काढून कचऱ्यात टाकले आणि दांडी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन टेबलाच्या खणात ठेवली. बापाच्या हातातून काही हिसकावून घेण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

त्या संध्याकाळी पाचला कारकून आला, पाणी प्याला, आणि खोलीच्या मध्यात येऊन बसला. मग त्याची मान वळली आणि तो धावला. कपाटाखालून पलंगाकडे, पलंगाकडून भिंतीवर. आपटला, पडला, वळला, पुन्हा धावला.

सवय, ठिपकेवाल्याने स्वतःला सांगितलं. जनावर सवयीचं गुलाम असतं. तो तांदूळ निवडायचं ताट मांडीवर घेऊन शांतपणे बसला आणि बोक्याकडे बघत राहिला. पाच मिनिटांनी त्याचा निवडणारा हात थांबला.

सवय नव्हती ती. त्याला डोळे कळत होते. दुसरं काही कळत नसेल, पण डोळे कळत होते. माणूस असो की मांजर, समोर हलणारी वस्तू असली तर नजर तिच्यामागून सलग सरकते, तेलावरून सरकावी तशी. समोर काही नसलं, तर कितीही प्रयत्न करा, नजर सलग सरकत नाही. ती उड्या मारते. इथून तिथे, तिथून पलीकडे. त्याचं सोंग आणता येत नाही. दवाखान्यात दिसत नसताना दिसतं म्हणणारे लोक तो याच खुणेने ओळखायचा.

कारकुनाची नजर सलग सरकत होती.

“आप्पा,” म्हणून तो वळला. आप्पा खुर्चीत रेलून बसले होते, ओठांवर बारीक हसू होतं, आणि त्यांची नजर बोक्याच्या नजरेबरोबर, त्याच वेगाने, कपाटाच्या दारावरून खाली येत होती. तीही सलग.

३

बुद्धी असलेल्या माणसाने जे करायला हवं ते ठिपकेवाल्याने केलं. पहिल्या दिवशी खिडकीचा पडदा ओढला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, आरसा उलटा केला, कपाटाच्या मुठीवर फडकं बांधलं, कवळीच्या भांड्यापासून औषधाच्या चमच्यापर्यंत चकाकणारं सगळं पेटीत भरलं. तिसऱ्या दिवशी घराची वीजच बंद केली. समोरच्या इमारतीतून कुणी चेष्टा करतंय म्हणावं, तर समोर गोदामाची आंधळी भिंत होती, एकही खिडकी नसलेली.

पाचला खेळ सुरू होई आणि अर्धा-पाऊण तास चाले. पूर्वी आप्पांचा अंगठा दुखला की थांबायचा. आता कधी थांबेल ते सांगता येत नव्हतं. फरशीवर नखांची खरखर, मग क्षणभर काहीच नाही, मग धप्प. आप्पांचं हसू कमी झालं होतं. चौथ्या दिवशी तर ते बंदच झालं.

“पुरे कर आता,” ते म्हणाले.

“मी काय करतोय?”

“तूच करतोयस ना? दुसरी काठी आणलीस. माझी घेतलीस आणि स्वतः खेळतोयस.”

ठिपकेवाल्याने दोन्ही हात पुढे करून दाखवले, रिकामे. एका हाताला शेंग सोलताना लागलेली माती होती. आप्पांनी हातांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि त्यांची नजर लगेच पुन्हा फरशीवर गेली. कारण ती थांबत नव्हती.

“तुला दिसत नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“खरंच नाही?” आणि इतक्या भीतीतही त्यांच्या आवाजात किंचित मजा आली. “दिवसभर ठिपके दाखवतोस लोकांना!”

त्याने ताईला फोन केला. ताई उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. “अरे, बोक्याला जनावरांच्या डॉक्टरकडे ने आणि आप्पांना डोळ्यांच्या. तू कुठे काम करतोस, विसरलास का?” म्हणाली. राग यावा असंच बोलली, पण चुकीचं बोलली नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कारकुनाचे सुजलेले पंजे बघितले, नाक बघितलं, आणि ठिपकेवाल्याला चांगलंच फैलावर घेतलं.

“लेझरने खेळवता?”

“खेळवायचो. आता बंद केलंय.”

“बंद केलंत, पण संपवलंत का? अहो, मांजर शिकारी आहे. धावलं, झडप घातली, की काहीतरी तोंडात यायला हवं. उजेड कसा येणार तोंडात? खेळ संपवताना ठिपका नेहमी खऱ्या वस्तूवर न्यायचा, माशाच्या तुकड्यावर, खाऊवर. तो त्याला पकडू द्यायचा. मग त्याच्या डोक्यात शिकार संपते. तुम्ही दोन वर्षं त्याची एकही शिकार संपू दिली नाहीत.”

“मी नाही. माझे वडील.”

“घर एकच ना?” बाई म्हणाल्या.

४

आप्पांना त्याने चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात नेलं, दुपारी, गर्दी ओसरल्यावर. मोठ्या डॉक्टरांनी बुबुळापासून पडद्यापर्यंत सगळं तपासलं आणि पाठीवर थाप मारली. “तुमच्या ठिपकेवाल्यापेक्षा तुमचे डोळे चांगले आहेत, गुरुजी.” आप्पा खूश झाले.

मग जिन्याखालच्या खोलीत त्याने त्यांची हनुवटी टेकवली, बटण हातात दिलं, दिवा मालवला. यंत्राला एक बारीक कॅमेरा असतो; पेशंटचा डोळा बाहेरच्या पडद्यावर मोठा होऊन दिसतो. बशीएवढा, ओला, मधूनमधून मिटणारा. ठिपकेवाल्याने यंत्र सुरू केलं नाही. मुद्दामच. तो नुसता बसून राहिला.

अर्ध्या मिनिटाने बटण वाजलं. टक. मग पुन्हा टक.

म्हातारा घाबरलेल्यांतला निघाला, असं त्याला वाटलं आणि बरंही वाटलं. पण पडद्यावरचा डोळा पिवळ्या दिव्यावरून निघाला होता आणि डावीकडे सरकत होता, सलग, गोल, घुमटाच्या कडेकडेने. बटण आता भराभर वाजायला लागलं. ठिपकेवाल्याने यंत्राची वायर चाचपली. प्लगसुद्धा लावलेला नव्हता. कॅमेरा, त्याचा पडदा आणि मधला पिवळा दिवा वेगळ्या वायरीवर होते, एवढाच काय तो खुलासा.

“झालं,” आप्पा घुमटातून तोंड बाहेर काढत म्हणाले. त्यांची नजर घुमटाच्या काठावरून उतरली, टेबलावरून, खणाच्या मुठीवरून, जमिनीवरून दारापर्यंत गेली. “चल. बाहेर गेला तो.”

त्यांना व्हरांड्यात बसवून ठिपकेवाल्याने स्वतःची तपासणी केली. स्वतःच हनुवटी टेकवली, स्वतःच बटण दाबलं. कागद छापून आला. दोन्ही डोळे निर्दोष, एकही कोपरा मेलेला नाही. जे काही होतं ते त्याला दाखवायचंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ त्याला लावता आला. हेही घरच्या रीतीला धरूनच झालं.

५

उपाय त्यानेच काढला. आप्पांना दिसतं, त्याला दिसत नाही. पण त्याला हातपाय होते. त्या संध्याकाळी तो वाफवलेल्या माशाचा तुकडा बशीत घेऊन खोलीच्या मध्यात गुडघ्यांवर बसला.

“आप्पा, सांगा. ठिपका कुठे आहे?”

“कपाटापाशी. आता पलंगाकडे चाललाय. पलंगाचा पाय. थांबला. थांबला बघ!”

त्याने तुकडा पलंगाच्या पायाशी ठेवला. कारकून शेपूट सरळ करून आला, झडप घातली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दातांखाली काहीतरी आलं. त्याने ते खाल्लं, तोंड पुसलं आणि तिथेच आडवा होऊन झोपला.

“गेला,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “विझला रे.”

पाच दिवस असं चाललं. पाच दिवस बापलेकांनी एकत्र काम केलं, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. “उजवीकडे. थोडा मागे. तिथे, तिथे, शाबास!” हा शेवटचा शब्द ठिपकेवाला रात्री अंथरुणात पुन्हा पुन्हा ऐकत असे. हसू नका. सेहेचाळिसाव्या वर्षी शाबासकी मिळाली तर ती कशी जपून ठेवायची हे कुणी शिकवत नाही.

पाचव्या दिवशी खेळ संपल्यावर आप्पा आपणहून म्हणाले, “लिहून टाक त्या इस्पितळाला. येतो म्हणावं. मी राहीन ताईकडे. रविवारी बोलाव तिला मला न्यायला.”

“नक्की?”

“अरे, आता माणसाने किती पुढे सरकवायचं?”

त्याने त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. शुक्रवारी टाकायचं ठरवून खिशात ठेवलं आणि दोन दिवस ते खिशावरून चाचपत राहिला. ताईने तिच्या घरात आप्पांसाठी खिडकीची खोली रिकामी केली. कारकुनाला डॉक्टरीणबाई ठेवून घेणार होत्या.

६

शुक्रवारी तो लवकर घरी आला. पत्र टाकायला जायच्या आधी खेळ संपवून घेऊ, असा विचार. माशाचा तुकडा बशीत घेतला, गुडघ्यांवर बसला.

“कुठे आहे?”

“स्टुलावर.”

तो स्टुलाकडे सरकला. कारकून हलला नाही. त्याची मान पलीकडे, दाराकडे होती.

“नक्की स्टुलावर?”

“अरे, माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही? तिथे. नाही, खाली उतरला. स्टुलाखाली घाल हात. अजून आत. अजून.”

ठिपकेवाला पोटावर आडवा झाला, हात स्टुलाखाली घातला, कानाला जळमट लागलं. आणि वरून ते हसू आलं. पोटातून, खुर्ची हलेपर्यंत.

“फसला! दारात आहे तो, दारात! केव्हाचा दारात आहे!”

जित्याची खोड म्हणतात ती ही. तो तसाच पालथा पडून राहिला.

“गंमत केली रे,” आप्पा डोळे पुसत म्हणाले. “किती दिवस ते तुकडे टाकायचे! मजाच गेली सगळी. आणि असं तोंड करू नकोस. मी काही ताईकडे जात नाही. तिथे मला करमणार आहे का? तू उत्साहात होतास, म्हणून म्हटलं, दोन दिवस खूश राहू दे पोराला.”

ठिपकेवाला उठला. शर्टाला धूळ लागली होती, ती त्याने झटकली नाही. इतका राग त्याला कधीच आला नव्हता, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून तो बशी हातात धरून नुसता उभा राहिला.

तेवढ्यात आप्पांचं हसू मध्येच तुटलं.

त्यांची नजर दारातून निघाली होती. फरशीवरून, घाई न करता, खुर्चीपर्यंत आली. तिथून चाकावर. चाकावरून पायांवरच्या पांघरुणावर. कारकुनाची मान तिच्याबरोबर वळत आली. तो पोट जमिनीला टेकवून बसला आणि त्याचं मागचं अंग हळूहळू डोलायला लागलं.

“अरे,” आप्पा म्हणाले. “अरे, तो तुकडा टाक. टाक लवकर.”

“कुठे आहे?”

“माझ्या… गुडघ्यावर. वर येतोय.”

“गंमत करताय?”

“नाही रे. शपथ. टाक तो कुठेतरी, त्याला पकडू दे काहीतरी!”

आप्पांच्या डोळ्यांकडे ठिपकेवाला बघत होता. दोन्ही बाहुल्या खाली वळल्या होत्या, आणि जसं काही वर चढत होतं तशा एकमेकींजवळ येत होत्या. पोटावर. छातीवर. त्या उडत नव्हत्या, अडखळत नव्हत्या. असे डोळे खोटं बोलत नाहीत, हे त्या शहरात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे लोकांना काय सांगायचं ते त्याने ठरवलं, स्वतःलाही तेच सांगायचा प्रयत्न केला, पण त्या क्षणी त्याला पक्कं ठाऊक होतं.

“मी पत्र टाकायला जात नाही आता,” तो म्हणाला. “घाई नाही मला.” आणि बशी घेऊन स्वयंपाकघरात गेला.

तिथे त्याने नळ सोडला. पाण्याच्या आवाजातूनही खुर्ची कुरकुरलेली ऐकू आली. आप्पांनी त्याला हाक मारली, नावाने, एकदाच. मग धप्प झालं. हे भिंतीवर आपटण्याचं धप्प नव्हतं. मऊ होतं, जागच्या जागी बसलेलं. त्याने नळ बंद केला. बाहेरच्या खोलीतून चावल्याचा आवाज येत होता. ओला, सावकाश, मन लावून चावल्याचा.

माशाचा तुकडा त्याच्या हातातल्या बशीत होता.

७

आप्पांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मेंदूत रक्तस्राव झाला, इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. या वयात होतो, कुणाचा दोष नाही. वाचा गेली, हात गेले, गिळायला शिकवावं लागलं. तीन आठवड्यांनी घरी आणलं. ताई आली, रडली, आणि म्हणाली, “अशा अवस्थेत त्यांना हलवता नाही रे येणार.” डॉक्टरही तेच म्हणाले. ती जागा दुसऱ्या कुणाला दिल्याचं पत्र आलं. ठिपकेवाल्याने अर्ध्या दिवसाची नोकरी मागून घेतली आणि दुपारपासून तो घरीच राहू लागला.

कारकून आता खेळत नव्हता. ताटलीतलं खातही नव्हता, तरी अंगाने भरला होता. दिवसभर दाराजवळ पाय पोटाखाली घेऊन पडून असे, जेवण झालेल्या माणसासारखा.

आप्पांचं काही चालत होतं तर ते फक्त डोळे. ते सकाळपासून हलत. छतावरून भिंतीवर, भिंतीवरून पडद्यावर, सलग, न थकता. त्यांत भीती होती की नाही, हे तोंडाचा एक स्नायू हलत नसल्यामुळे सांगता येत नव्हतं. ताई म्हणाली, घर न्याहाळतायत. औषध भरवताना, चादर बदलताना ठिपकेवाला त्या नजरेच्या वाटेत येणार नाही असा उभा राही. हाक ऐकून आपण गेलो नाही, हे त्यांना आठवतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. माफी मागायची होती असंही नाही. त्यांनी एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच.

एका संध्याकाळी तो पलंगाशेजारी खुर्चीत बसून त्यांना पेज भरवत होता. पाच वाजले असतील. चमचा ओठांना लागला आणि आप्पांचे डोळे, पडद्यावर असलेले, निघाले. पडद्याच्या कडेने खाली. फरशी. खुर्चीचा पाय. ठिपकेवाल्याच्या गुडघ्यावरून वर, शर्टाच्या गुंड्यांवरून, आणि छातीवर येऊन थांबले.

तो डावीकडे झुकला. डोळे बरोबर आले. उजवीकडे झुकला. पुन्हा आले. बाप मुलाकडे बघतो तेव्हाही डोळे असेच येतात. त्याने छातीकडे पाहिलं. पांढरा शर्ट, पेजेचा एक डाग, बाकी काही नाही. वीस वर्षांत कुणाचेही डोळे त्याला फसवू शकले नव्हते, आणि हे कुणाकडे बघतायत ते त्याला सांगता येईना.

खिशातला फोन वाजला. ताई होती. “कसे आहेत रे?”

“बघतायत.”

“कुणाकडे?”

नजर हळूहळू वर सरकली. गळ्यापाशी आली, हनुवटीवर, आणि त्याच्या डोळ्यांत स्थिर झाली. आयुष्यात पहिल्यांदा आप्पा चेष्टेशिवाय, घाईशिवाय, नुसते त्याच्याकडे बघत होते. निदान तसंच दिसत होतं. त्याच्या पाठीमागे दाराजवळ काहीतरी उठून उभं राहिलं, आणि फरशीवर नखं वाजली.

“अरे, बोल ना. ओळखतात का तुला?”

उठायला हवं होतं. स्वयंपाकघराचं दार चार पावलांवर होतं आणि वेळही होता. त्याने उठल्यानंतरचं सगळं मनातल्या मनात पाहिलंसुद्धा. पण आप्पांचे डोळे ओले झाले होते, आणि ते कशाने ओले झाले हे उठल्यावर कधीच कळलं नसतं.

“ताई, थांब, बोलू नकोस,” तो अगदी हळू म्हणाला. “आप्पा बघतायत माझ्याकडे.”

आणि ती नजर मोडू नये म्हणून तो जागचा हलला नाही.